ठेच आणि शहाणपण

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण मोठ्या माणसांच्या व्यवहारात बऱ्याच अंशी खरी ठरते. लहान मुलांच्या बाबतीत मात्र तिचा फारसा उपयोग नाही, कारण दुसऱ्याची ठेच तर सोडाच, स्वतःला लागलेली ठेचही मुलाला पुढच्या प्रसंगी सावध करीलच याची खात्री देता येत नाही.

कॅरन अ‍ॅडॉल्फ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विदुषींनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बाळांना कमी-अधिक तीव्र उतारांवर सोडून पाहिले. अर्थात, तोल गेल्यास झेलायला शेजारी माणूस उभा असे. नुकतीच रांगू लागलेली बाळे अतितीव्र उतारावरही बेधडक पुढे जात आणि कोसळत. काही आठवड्यांच्या सरावानंतर तीच बाळे कडेला थांबत, हाताने उतार चाचपत आणि झेपणारे नसेल तर पुढे जाणे टाळत किंवा दुसऱ्या रीतीने घसरत खाली येत. नवल यापुढचे आहे. हीच बाळे चालू लागली की त्याच उतारावर पुन्हा बेधडक पाऊल टाकत. ‘उतार धोक्याचा असतो’ असा नियम त्यांनी शिकलेलाच नव्हता. आपल्या शरीराला हा उतार पेलेल की नाही याचा अंदाज ती शिकली होती, आणि शरीराची चाल बदलताच तो अंदाज मुळापासून नव्याने बांधावा लागला. याच संशोधकांच्या २०१२ सालच्या अभ्यासात १२ ते १९ महिन्यांची मुले मोकळेपणी खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावले टाकताना आणि १७ वेळा पडताना आढळली. ‘एवढा पडतो, तरी अक्कल येत नाही’ असे म्हणणाऱ्याने हा आकडा जरूर लक्षात घ्यावा. अक्कल याच पडण्यातून येत असते. पुढे सायकल, झाड, पोहणे असे काहीही नवे हाती घेतले, की मूल त्या बाबतीत पुन्हा नवशिकेच असते.

शरीरानेही या शिक्षणाची थोडी सोय केलेली आहे. मुलाची उंची कमी, वजन कमी, म्हणून पडण्याचा आघातही बेताचा. हाडांवरचे आवरण जाड असल्यामुळे हाड पुष्कळदा कोवळ्या फांदीसारखे एका बाजूने चिरते, पण पूर्ण मोडत नाही, आणि मोठ्यांच्या हाडापेक्षा लवकर जुळूनही येते. डोक्याबाबत मात्र ही सवलत नाही. नवजात बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या सुमारे चतुर्थांश असते, मोठ्या माणसाचे सुमारे अष्टमांश. त्यामुळे लहान मूल उंचावरून पडले तर डोक्यावर आपटण्याचा संभव जास्त.

तेव्हा दुखापतीतून मूल शिकते हे खरे असले, तरी ती दुखापत लहान, भरून येणारी आणि कृतीला लगेच चिकटलेली असावी लागते. खरचटलेला गुडघा शिकवतो. साठ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी शिकवत नाही, ते काही सेकंदांत खोल भाजते. गिळलेली बटण बॅटरी अन्ननलिकेत अडकली, तर तिच्या विद्युतप्रवाहामुळे तिथे तीव्र अल्कली, म्हणजे मांस जाळणारे रसायन, तयार होते आणि दोन तासांच्या आतही गंभीर इजा होऊ शकते. यातून मुलाने कोणता धडा घ्यायचा? अमेरिकेत १९७० साली औषधे आणि घरगुती विषारी पदार्थ यांच्या वेष्टनांविषयी कायदा झाला आणि लहान मुलांना सहजी न उघडणारी झाकणे आली. त्या कायद्याने मुलांना शहाणे करण्याचा प्रयत्न केला नाही, झाकण बदलले, आणि विषबाधेने होणारे बालमृत्यू घटले. जिथे एकच चूक भारी पडते, तिथे मुलाच्या सावधपणावर विसंबणे म्हणजे मोठ्यांनी आपले काम मुलावर ढकलणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

उरलेल्या ठिकाणी, म्हणजे झाडावर, मैदानात, जिन्यावर, मुलाला बोलून मदत करता येते. ‘पडशील!’ या ओरडण्यातून आपली भीती तेवढी पोचते. ‘पुढचा पाय कुठे ठेवणार आहेस? ती फांदी हलते का बघ’ असे विचारले, तर नजर योग्य जागी जाते.

आणि लागल्यानंतर रागावण्याविषयी. ज्याला आपण रागावतो ते मूल पुढच्या वेळी जपून वागेलच असे नाही, पण लागलेले लपवायला मात्र हमखास शिकते. डोक्याला मार बसल्यावर वारंवार उलट्या होणे किंवा नेहमीपेक्षा वेगळी गुंगी येणे ही तातडीने डॉक्टरांकडे नेण्याची लक्षणे आहेत. पण मूल पडले होते हेच घरात कोणाला ठाऊक नसेल, तर ती गुंगी दमल्याची झोप समजली जाते.