ब्रिस्टलचा कॅप्टन नॅट

नमस्कार मंडळी. आज एका लांबच्या माणसाची आठवण काढायचीय. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये ब्रिस्टल म्हणून एक छोटं बंदराचं गाव आहे, तिथला नॅथनिएल हेरेशॉफ, जन्म 18 मार्च 1848. सगळे त्याला कॅप्टन नॅटच म्हणायचे. अमेरिकाज कप म्हणजे शिडाच्या बोटींचा वर्ल्ड कप समजा, आणि 1893 ते 1920 या काळात तो कप अमेरिकेकडे राखणारी प्रत्येक बोट याच माणसाने डिझाइन केलेली.

पण मला कपापेक्षा त्याच्या घराबद्दल बोलायचंय. नॅटपेक्षा सात वर्षांनी मोठा भाऊ जॉन, त्याची दृष्टी ऐन पोरवयात गेली, पण बोटी बांधायचं वेड काही गेलं नाही, मग धाकट्या नॅटने त्याचे डोळे व्हायचं, मापं घ्यायची, वाचून सांगायची, बाकीची पोरं खेळत असताना हा भावाबरोबर. पुढे नॅट एमआयटीत शिकला, कॉर्लिस कंपनीत स्टीम इंजिनांवर नोकरी केली, चांगली चाललेली नोकरी, आणि 1878 साली दोघा भावांनी मिळून हेरेशॉफ मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली. धंदा जॉन बघणार, डिझाइन नॅट.

आता कामाची पद्धत ऐका. नॅट आधी ड्रॉइंग काढत नसे. लाकडाचा ठोकळा घेऊन बोटीची अर्धी बाजू कोरायची, उभी चिरल्यासारखी. हे तिकडे जुनंच होतं म्हणा, पण इथे फायदा असा की जॉन त्या लाकडावरून बोटं फिरवायचा आणि बोट कशी आहे ते त्याला कळायचं. मग स्वतः बनवलेल्या यंत्राने नॅट त्या मॉडेलची मापं काढून छोट्या वहीत आकडे लिहायचा, आणि कारखान्यातली माणसं त्या आकड्यांवरून बोट उभी करायची, उभी म्हणजे खरं तर उलटी, कारण बोटी पालथ्या घालून बांधायचे.

डोकं मात्र कायम दोन पावलं पुढे. 1876 ला त्याने अमॅरिलिस नावाची कॅटामरान, म्हणजे शेजारीशेजारी दोन सांगाडे जोडलेली बोट, न्यूयॉर्कच्या रेसला उतरवली, ती इतकी पळाली की लोकांनी तक्रार केली आणि असल्या बोटींना बंदीच आली. हरलेल्यांचं दुखणं, दुसरं काय!

आठवण काढायची तर सगळीच काढूया. 1888 साली से व्हेन नावाच्या स्टीम यॉटची स्पीड ट्रायल चालू होती, बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला, स्पीड मिळावा म्हणून याने तो बंद केला आणि बॉयलर फुटला. एक माणूस गेला. चौकशी होऊन नॅटचं स्टीम इंजिनियरचं लायसन्स गेलं. यात त्याला सांभाळून घ्यायला जागा नाही असं माझं मत. त्यानंतर तो शिडांकडे जास्त वळला आणि 1891 च्या ग्लोरियाना या शिडाच्या बोटीने रेसिंगची दुनियाच हलवली.

1903 ची अमेरिकाज कपची बोट रिलायन्स म्हणजे तर कहरच, 16,160 चौरस फूट शीड, पोकळ सुकाणू, दोर ओढायची विंचेस डेकच्या खाली. सर थॉमस लिप्टन, हो तोच चहावाला, त्याच्या शॅमरॉकला तिने सरळ 3-0 हरवलं. गंमत बघा, नियमांतल्या फटी शोधून अशी राक्षसी बोट काढणारा हाच, आणि त्या फटी बुजवणारा युनिव्हर्सल रूल, म्हणजे रेसच्या बोटींच्या मापांचा नियम, लिहिणाराही हाच. रिलायन्स एक सीझन पळाली आणि 1913 ला भंगारात.

घरी बायको क्लारा आणि सहा मुलं. बोलणं कमी, शिस्त कडक, लाडबिड फार नसावेत, पण सिडनी आणि फ्रान्सिस ही दोन पोरं बोटींची डिझाइनरच झाली, म्हणजे घरात काय चालत असेल ते बघा. क्लारा 1905 ला गेली. 1912 ला त्याने स्वतःसाठी अलेरियन बनवली, कुठला कप नाही की काही नाही, थंडीत बर्म्युडाला निवांत फिरवायला. आणि 1914 ला बझर्ड्स बे या तिकडच्या खाडीच्या खवळत्या पाण्यात पोरांना शिकता यावं म्हणून एक जेमतेम सोळा फुटांची बोट काढली, पाण्याच्या रेषेवर साडेबारा फूट म्हणून तिचं नावच ट्वेल्व्ह अँड हाफ पडलं, तळाला शिशाची जड कील, म्हणजे बोट तोलून धरणारा कणा, सहजासहजी उलटायची नाही. माझ्या मते त्याचं सगळ्यात भारी काम हेच, कारण यात कुठला कप जिंकायचा नव्हता. त्या बोटी अजून पाण्यात आहेत, लोक नव्यानेही बांधतात.

2 जून 1938 ला तो गेला, वय 90.

तुमच्यापैकी बरेच जण मुलांकडे बॉस्टन, न्यू जर्सीला जाता, तर मॉलमध्ये फिरून कंटाळा आला की एक दिवस ब्रिस्टलला काढा, हेरेशॉफ मरीन म्युझियम तिथेच आहे, आणि अलेरियन कनेक्टिकटमध्ये मिस्टिक सीपोर्टला. निघायच्या आधी उघडायच्या वेळा तेवढ्या बघून घ्या.