लाल तारखा

[दृश्य: पाऊस, शाळेचं पटांगण, ध्वजस्तंभ]

पंधरा ऑगस्टला कोकणात एक गोष्ट हमखास अडते, झेंड्याची गाठ. दोरी रात्रभर भिजून फुगलेली असते, सरपंच झटके मारतायत, गुरुजी बाजूला "हळू, हळू" करतायत, पोरं रेनकोटात कुडकुडत "जन गण मन"ची वाट बघतायत, आणि एकदाची गाठ सुटली की झेंडूच्या पाकळ्या उधळत वगैरे नाहीत, ओला लगदा थेट सरपंचांच्या टोपीवर पडतो. तरी टाळ्या होतातच.

देशाच्या राष्ट्रीय सुट्ट्या मोजून तीन. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. तारीख ठरलेली, ती कधी हलत नाही. कॅलेंडरवरच्या बाकीच्या लाल तारखा राज्य सरकार दरवर्षी जाहीर करतं, आणि गंमत म्हणजे त्यासाठी वापरतात तो कायदा सणांचा नाहीच, तो आहे १८८१ चा परक्राम्य संलेख अधिनियम, म्हणजे चेक आणि हुंड्यांचा. हुंडीची मुदत सुट्टीच्या दिवशी संपली तर पैसे कधी द्यायचे हे ठरवताना सुट्टी म्हणजे काय तेही ठरवावं लागलं, तेच कलम २५ आजपर्यंत चालतंय.

आता हा सुट्ट्यांच्या यादीचा कागद घेऊन शिमग्याला गावात या.

[दृश्य: रात्र, ढोल, पालखी]

कागदावर सुट्टी एकच, धुळवडीची. इथं रत्नागिरीकडं फाक पंचमीपासूनच, म्हणजे फाल्गुन शुद्ध पंचमीपासून, सुरुवात होते, त्यात काही गावांचा तेरसे शिमगा, म्हणजे होम त्रयोदशीला, आणि शेजारच्याच गावाचा भद्रेचा, तो पौर्णिमेला. मग देव पालखीत बसून घरोघरी निघतो. वाड्यांचा क्रम ठरलेला, मान ठरलेले, त्यामुळे मुंबईचा चाकरमानी फेब्रुवारीपासून फोनवर एकच प्रश्न विचारतो, "पालखी आपल्याकडं कधी?" त्यावर त्याची रजा ठरते, सरकारच्या तारखेवर नाही. पालखी रात्री दोनला आली तरी अंगणात सडा-रांगोळी तयार असते, माहेरवाशीण ओटी घेऊन उभी असते, आणि गाऱ्हाणं सुरू झालं की प्रत्येक मागणीला सगळ्यांचा एकच आवाज, "व्हय महाराजा!" नोकरी, लग्न, कोर्टातली केस, सगळं त्याच्यात येतं.

[दृश्य: अलिबाग, इस्राएल आळी]

तिकडं वर रायगडात हीच पौर्णिमा आणखी एका घरात येते. अलिबाग, रेवदंडा, नवगावकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, पूर्वी तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. त्यांचा पुरीम हा सण, त्याला ही मंडळी मराठीत म्हणायची होळीचा सण! कारण सरळ आहे, ज्यू पंचांगही चंद्रावर चालतं आणि आपल्यासारखाच त्यातही मधूनमधून अधिक महिना घालतात, त्यामुळे दोघं बहुतेक वर्षी एकाच पौर्णिमेच्या आसपास भेटतात. २०२५ साली तर धुळवड आणि पुरीम दोन्ही १४ मार्चलाच. पुरीमची सुट्टी अर्थातच यादीत नाही. आज घरं थोडी उरलीत, बरीच मंडळी इस्रायलला गेली, पण आळीचं नाव तेच आहे आणि नवस फेडायला मलिद्याचं ताट अजूनही मांडतात, गोड पोहे, खोबरं आणि फळं.

ईदला मात्र अधिक महिना नाही, म्हणून ती दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकते, कधी आंब्यात येते कधी पावसात. २०२५ ला ३० मार्चला पाडवा आणि ३१ ला ईद, एका घरात श्रीखंड आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरातून शीरखुर्मा, त्या आठवड्यात कोणाच्या घरी चूल पेटली असेल असं वाटत नाही.

[दृश्य: बंदर, होड्या]

कोळीवाड्यात तर सुट्टीचा अर्थच उलटा आहे. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, सरकारी हुकूम. १ ऑगस्टला बंदी उठते, मोठे ट्रॉलर लगेच निघतात, पण जुनी माणसं नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतात, आणि अधिक महिना आला की ती पौर्णिमा पार ऑगस्टच्या शेवटावर जाते. जाळी विणून झालेली, इंजिनाला तेलपाणी झालेलं, डोक्यावर सोसायटीचं कर्ज, आणि तरी म्हातारा ओट्यावर बसून म्हणतो, नारळ पडूदे आधी.

मग एका संध्याकाळी सोनेरी कागद गुंडाळलेला नारळ वाजतगाजत बंदरावर येतो. दुसऱ्या दिवशी पहाटे होड्या जागेवर नसतात.