दाढा येण्याआधीचे चावणे

श्रोतेहो, नमस्कार.

मूल सव्वा वर्षाचे झाले तरी वरण-भात मिक्सरमधून काढल्याशिवाय खात नाही, पोळीचा तुकडा तोंडात गेला की ओकारी काढते किंवा घास गालात धरून बसते, अशी तक्रार हल्ली अनेक घरांतून ऐकू येते. तिच्या जोडीला बहुधा एक समजूतही असते, की दाढा आल्या म्हणजे मूल आपोआप चावू लागेल. ही समजूत दिसते तितकी निरुपद्रवी नाही, कारण दाढांची वाट पाहण्यातच चावायला शिकण्याचे सर्वांत मोलाचे महिने निघून जातात.

दातांचा क्रम पाहिला तर खालचे समोरचे दोन दात साधारणपणे ६ ते १० महिन्यांच्या दरम्यान दिसू लागतात, परंतु त्यांचे काम तुकडा तोडण्याचे असते. अन्न भरडणारी पहिली दाढ बहुतेक मुलांना तेराव्या ते एकोणिसाव्या महिन्यात आणि दुसरी दाढ दोन वर्षांच्या आगेमागे येते. चावण्याची तयारी मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. पहिल्या चार-पाच महिन्यांत ओठांना चमचा लावला की बाळाची जीभ तो बाहेर ढकलते. ही उपजत क्रिया ४ ते ६ महिन्यांच्या काळात ओसरते. मग जबडा वर-खाली होऊ लागतो, त्यानंतर सातव्या ते नवव्या महिन्यात जीभ घास बाजूच्या हिरड्यांकडे सरकवू लागते, आणि जबडा गोलाकार फिरवून नीट चावण्याचे कौशल्य पुढे दोन वर्षांपर्यंत व त्यानंतरही सुधारत राहते. मऊ शिजलेले अन्न चिरडण्याइतक्या हिरड्या टणक असतात, हे बाळाच्या तोंडात बोट सापडलेल्या कोणत्याही आजीला वेगळे सांगायला नको.

बाळाला ६ महिने पूर्ण झाल्यावर स्तनपानाबरोबर वरचे अन्न सुरू करावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. या वयात आईच्या दुधातून मिळणारे लोह अपुरे पडू लागते आणि ६ ते ८ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाकाठी सुमारे २०० किलोकॅलरी ऊर्जा लागते. पोट चिमुकले असल्यामुळे भाताच्या वरच्या पाण्याने किंवा पातळ पेजेने ते भरते, पण गरज भागत नाही. म्हणून सुरुवातीचे खिमट, नाचणीचे सत्त्व किंवा गुरगुट्या भात चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही इतका दाट असावा. पहिले काही दिवस तो अगदी एकजीव असला तरी हरकत नाही. अडचण होते ती हे दिवस लांबत जातात तेव्हा.

माझे स्पष्ट मत असे आहे, की सातवा महिना सरत आला की बाळाच्या जेवणासाठी मिक्सर बाहेर काढू नये. भात, डाळ, शिजलेला लाल भोपळा चमच्याच्या पाठीने किंवा स्वच्छ धुतलेल्या हाताने कुस्करावा आणि त्यातली बारीक शिते मुद्दाम राहू द्यावीत. आठव्या महिन्याच्या सुमारास पिकलेले केळे, उकडलेला बटाटा, वाफवलेले गाजर, इडली यांचे बोटांत धरता येतील असे लांबट तुकडे बाळाच्या हाती द्यावेत. तुकडा आपल्या अंगठ्यात आणि तर्जनीत सहज चिरडला गेला, तर तो पुरेसा मऊ आहे असे समजावे. त्यानंतर वरणात भिजवून कुस्करलेली पोळी किंवा भाकरी, नीट उकडून चुरलेले अंडे, काटे निगुतीने काढलेला मासा असे करत वर्षाच्या सुमारास बाळ घरच्यांच्याच ताटातले, कमी तिखट-मिठाचे जेवण खाऊ शकते. ब्रिटनमध्ये ब्रिस्टल परिसरात १९९१-९२ साली जन्मलेल्या हजारो मुलांच्या अभ्यासात, ज्यांना रवाळ किंवा गाठींचे अन्न दहाव्या महिन्यानंतर प्रथम मिळाले त्यांच्यात पुढे खाण्याच्या तक्रारी अधिक आढळल्या.

अन्न कसे भरवले जाते, यावरही बरेच अवलंबून आहे. पायांवर आडवे घेऊन बोंडल्याने भरवलेले अन्न थेट घशाकडे जाते आणि जिभेला काहीच काम उरत नाही. बाळाला पाठीला आधार देऊन ताठ बसवावे, मऊ तुकडा जिभेच्या मधोमध न ठेवता एका बाजूच्या हिरडीवर ठेवावा, आणि त्याच वेळी समोर बसून आपण स्वतः तोच पदार्थ सावकाश चावून दाखवावा. मोबाइलवर गाणे लावून तोंडात कोंबलेला घास मूल गिळते, पण तोंडात काय चालले आहे याकडे त्याचे लक्षच नसते.

घास अडकेल ही आयांची भीती खरी आहे, मात्र त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. लहान बाळांना जिभेच्या बऱ्याच पुढच्या भागाला स्पर्श झाला तरी ओकारी येते. बाळ खोकते, लाल होते, आवाज करते आणि घास पुढे ढकलते. ते त्याचे संरक्षण आहे, अशा वेळी तोंडात बोट न घालता शांत राहावे. घास खरोखर अडकला तर आवाज बंद होतो, रडता येत नाही, ओठ निळसर पडतात. तेव्हा वर्षाच्या आतल्या बाळाला डोके खाली येईल असे हातावर पालथे धरून पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळव्याने पाच थापट्या द्याव्यात, मग उताणे करून छातीच्या मधोमध पाच वेळा दाबावे, हे आलटून पालटून चालू ठेवावे आणि दुसऱ्याने १०८ क्रमांकाला फोन करावा. अख्खे शेंगदाणे, चणे, लाह्या, कच्चे गाजर, अख्खी द्राक्षे, बोराच्या आणि सीताफळाच्या बिया लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत, आणि खाताना मुलाला एकटे सोडू नये.

ज्यांची मुले वर्षाची होऊनही पातळच खातात, त्यांनी एकदम पोळीवर उडी घेऊ नये. नेहमीचेच वरण-भात दर चार-पाच दिवसांनी थोडे जाडसर करत न्यावे आणि नकार आला तर दोन दिवस थांबून पुन्हा पुढे करावे. मात्र गिळताना प्रत्येक वेळी ठसका लागणे, अन्न नाकातून येणे, वजन न वाढणे किंवा मान आणि बसणे अजून न सावरणे यांपैकी काही असेल, तर घरगुती प्रयोग न करता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या बाबतीत या टप्प्यांचे वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे लागते, आणि वरचे अन्न केव्हा सुरू करायचे हे त्यांच्या डॉक्टरांनाच विचारावे.

नमस्कार.