नाव घातलेली भांडी

मंडळी, अध्यक्षांनी मला वीस मिनिटं दिली होती, त्यातली चार प्रास्ताविकातच गेली. विषय घरसामानाची यादी आणि विमा. पण सुरुवात भांड्यांपासून करतो. नाव न घातलेलं पातेलं कुणाच्या घरी आहे? हात वर करा. बघा, एकही नाही! आमच्याकडे आईच्या लग्नातला पितळी हंडा आहे. त्यावर मामाचं नाव, गाव खानापूर आणि तिथी. वाटी बोटभर उंचीची, पण मजकूर चार ओळी.

ऑगस्ट 2019 इथं बेळगावात कुणी विसरलं नसेल. बळ्ळारी नाल्याचं पाणी शेतं बुडवून आमच्या वडगावच्या घरात शिरलं, मांडीएवढं. ओसरल्यावर विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, नुकसान मोजायला. हुबळीकडचा, सज्जन माणूस. फ्रीजकडे बोट दाखवून म्हणाला, "एष्टु वर्ष आय्तु?" म्हणजे किती वर्षं झाली? मी म्हटलं, दहा. आमची ही म्हणाली, "अहो, धाकट्या लेकीच्या बाळाच्या बारशाला घेतला, चौदा झाली की." धाकटी पुण्याहून फोनवर म्हणाली, आठ. त्यानं शांतपणे चौदा लिहिलं, कारण घसारा, म्हणजे जुनेपणामुळे घटलेली किंमत, वयावर कापतात. तरी मी बँकेत तीस वर्षं लोकांच्या तारणाच्या याद्या तपासल्यात! मग गाद्या किती, कपाटात काय काय. साड्यांचा आकडा विचारल्यावर हिनं आधी माझ्याकडे पाहिलं. खरा आकडा मला त्या दिवशी कळला, सर्व्हेअरसोबतच. (हशा)

आणि भांडी? एकूणएक शाबूत. चिखल धुतला की तारखेसकट हजर. म्हणजे पाण्यानं ज्याचं काही बिघडत नाही त्याची नोंद आपण कोरून ठेवतो, आणि फ्रीज, मिक्सर, गाद्या बेवारस. लग्नाची 'याद' करताना पानसुपारीसुद्धा कागदावर घेणारी माणसं आपण!

पाच मिनिटांची चिठ्ठी आली. बरं, पटापट सांगतो. 1 एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' ही पॉलिसी आहे. तिच्यात इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख, एवढं संरक्षण घरसामानाला आपोआप मिळतं. तपशील आधी द्यावा लागत नाही. म्हणून लोक म्हणतात, यादी कशाला? अहो, दाव्याच्या वेळी काय गेलं ते तुम्हालाच सांगायचंय. दागिन्यांचं संरक्षण वेगळं मागून घ्यावं लागतं. डब्यातली रोकड त्यात येत नाही. चोरीही फक्त पूर-आगीसारख्या घटनेनंतरच्या सात दिवसांतली. एरवीच्या घरफोडीला निराळी पॉलिसी.

यादी कशी करायची? मोबाईल हातात घ्या, खोलीखोलीतून व्हिडिओ करत फिरा, कपाटं उघडून. फ्रीजच्या मागचा नंबर, बिल, वॉरंटी कार्ड यांचे फोटो घ्या. मॉडेल आणि खरेदीचं साल तोंडानं बोलत चला, लिहायचा कंटाळा वाचतो. दर दिवाळीला साफसफाई करतोच, त्याच दिवशी पुन्हा. आणि ते सगळं गावाबाहेरच्या लेकीसुनेला पाठवून ठेवा. वही नको. आमची पॉलिसी कपाटाच्या खालच्या खणात होती.

अध्यक्ष उठलेच. मिक्सरचं काय झालं ते चहाच्या वेळी विचारा.