पहिली दुर्बीण आणि अवसेची रात्र

(पडद्यावर: दुकानातलं खोकं. त्यावर रंगीत शनी, रंगीत तेजोमेघ आणि ठळक अक्षरांत '६७५ पट'.)

हा आकडा नीट बघून घ्या. पहिली दुर्बीण घेतल्यावर होणारा हिरमोड बहुतेक वेळा इथूनच सुरू होतो.

गणित म्हणून तो खोटा नाही. दुर्बिणीचं नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून प्रतिमा तयार होते तिथपर्यंतचं अंतर, ९०० मिलिमीटर. आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, ४ मिलिमीटरचा. भागाकार केला की २२५ पट. त्यावर तिप्पट करणारी बार्लो लेन्स चढवली की झाले ६७५. पण प्रकाश गोळा करणारा आरसा ११४ मिलिमीटरचा, आणि त्यावर पडणारा प्रकाश आहे तेवढाच. तोच पसरत गेला की गुरू मोठा दिसतो खरा, पण अंधुक आणि गढूळ. ढोबळ नियम असा, की आरशाचा किंवा भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजायचा आणि दुप्पट करायचा. याच्यापुढे जाण्यात अर्थ नाही. म्हणजे या दुर्बिणीला जास्तीत जास्त २३० पट, आणि तेही हवा अगदी स्थिर असेल तर.

१६१०च्या जानेवारीत गॅलिलिओनं गुरूचे चंद्र पाहिले, तेव्हा त्याची दुर्बीण साधारण २० पट मोठं दाखवत होती.

(दृश्य: गच्ची. बारीक पायांचं तिपाई स्टँड. कुणीतरी फोकसचं चाक फिरवतं आणि नळी थरथरते.)

खोक्यावर ज्याचा उल्लेख नसतो, ती गोष्ट म्हणजे स्टँड. शंभर पट मोठं करताना हाताचा धक्काही शंभर पट मोठा होतो. चंद्र उड्या मारतो. तो थांबेपर्यंत पृथ्वी फिरलेली असते आणि चंद्र चौकटीबाहेर. मुलं दोन संध्याकाळी प्रयत्न करतात, मग दुर्बीण माळ्यावर जाते. दोष आकाशाचा नसतो, मुलांचाही नसतो.

यावरचा स्वस्त आणि भक्कम उपाय एका संन्याशानं काढला. जॉन डॉबसन, जन्म १९१५, बीजिंगचा. १९४४ साली तो सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात दाखल झाला, म्हणजे आपल्या रामकृष्ण परंपरेतल्या. हातात पैसा नाही. मग जहाजाच्या गोल खिडकीची जाड काच घासून आरसा, पुठ्ठ्याची नळी आणि खाली प्लायवुडची पेटी. ती पेटी जात्याच्या वरच्या तळीसारखी गोल फिरते, नळी वरखाली झुकते. बस. दुर्बिणींच्या या नादापायी १९६७मध्ये त्याला मठ सोडावा लागला. पुढे आयुष्यभर तो फुटपाथवर दुर्बीण मांडून येणाऱ्याजाणाऱ्याला बोलवत राहिला. आज जगभर या रचनेला डॉबसोनियन म्हणतात, आणि आकाशदर्शनवाल्यांत नुसतं 'डॉब'.

पहिली दुर्बीण घ्यायचीच असेल तर सहा इंची डॉब घ्या, असं आमचं स्पष्ट मत आहे. आरसा १५० मिलिमीटर, नाभीय अंतर १२०० मिलिमीटर. २५चा आयपीस लावला की ४८ पट, १०चा लावला की १२०. सुरुवातीला एवढं पुरतं. फक्त उचलून बघा. चार फुटी नळी आणि खालचा फिरता पाट, दोन्ही घेऊन तिसरा मजला चढायचा आहे.

पण त्याआधी दुसऱ्याच्या दुर्बिणीतून बघा. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून आहे. मुंबईचं खगोल मंडळ कर्जत मार्गावरच्या वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम करत आलं आहे. अशा एका रात्रीत चार जातींच्या दुर्बिणींना डोळा लावून होतो. विदर्भातल्यांना तर पेंच व्याघ्र प्रकल्प आहे. २०२४च्या जानेवारीत तिथलं आकाश देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे दिव्यांच्या उजेडापासून जपलेलं आकाश, म्हणून जाहीर झालं.

(दृश्य: संध्याकाळ. लांबच्या टॉवरच्या टोकावर रोखलेली दुर्बीण.)

नवी दुर्बीण आली की उजेडातच फाइंडर, म्हणजे नळीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण, जुळवून घ्या. लांबचा टॉवर मुख्य नळीत मधोमध आणायचा, मग तोच फाइंडरच्या फुलीवर. प्रतिमा उलटी दिसेल, घाबरू नका, वर आणि खाली हे आपले शब्द आहेत. आणि सूर्याकडे ही नळी कधीही वळवायची नाही. क्षणभरात डोळा जातो. मुलं असतील तर दिवसा दुर्बीण झाकूनच ठेवा.

पहिलं लक्ष्य चंद्र, पण पौर्णिमेचा नको. तेव्हा ऊन समोरून पडतं, सावल्याच नसतात, सगळं सपाट. शुद्ध सप्तमी-अष्टमीला बघा. उजेड आणि अंधार जिथे भेटतात त्या रेषेवर डोंगर उभे राहतात. नवमी-दशमीला ९३ किलोमीटर रुंदीचं कोपर्निकस विवर त्या रेषेजवळ येतं, आतल्या पायऱ्यांसकट.

मग शनी. ४८ पटीला तो लहानच दिसतो, पण कडी वेगळी कळतात. २०२५च्या मार्चमध्ये ती आपल्या रेषेत आल्यानं दिसेनाशी झाली होती, आता वर्षागणिक उघडत चालली आहेत. गच्चीवरचं काँक्रीट दिवसभराची उष्णता सोडत असतं, म्हणून ग्रह उंच आल्यावर बघा आणि अर्धा तास आधी दुर्बीण बाहेर काढून ठेवा. आरसा थंड झाला की प्रतिमा शांत होते.

ग्रहांना शहर चालतं. बाकी सगळ्याला अवस लागते. एरवी शुभकार्याला टाळली जाणारी ही तिथी आकाशदर्शनवाले भिंतीवरच्या कॅलेंडरात आधी शोधतात.

(दृश्य: मृग नक्षत्र, डिसेंबरची रात्र.)

मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण. त्याच्या खाली अंधुक ताऱ्यांची एक छोटी ओळ, आणि तिच्यात तेराशेहून जास्त प्रकाशवर्षांवरचा तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा चमकता ढग. तो गुलाबी नसेल. इतक्या कमी उजेडात डोळ्याला रंग कळत नाही. राखाडी धूर दिसेल आणि मधोमध चार बारीक तारे. सरळ रोखून बघू नका, नजर जरा बाजूला ठेवा. डोळ्याच्या कडेला अंधारात बघणाऱ्या पेशी जास्त असतात, धूर अचानक पसरलेला दिसतो. त्यासाठी अर्धा तास मोबाइल खिशात हवा.

गंमत म्हणजे 'मृग लागला' असं शेतकरी जूनमध्ये म्हणतो, तेव्हा हेच नक्षत्र दिसत नसतं. त्या दिवसांत सूर्य तिथे असतो, आणि मृग त्याच्या उजेडात बुडालेला.

मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला वळा. क्षितिजाच्या वर साधारण २५ अंशांवर ओमेगा सेंटॉरी, सुमारे कोटभर ताऱ्यांचा गोल गुच्छ. लंडनहून तो कधीच उगवत नाही. आपल्याला मात्र घाटावरच्या मोकळ्या पठारावरून आरामात मिळतो. इथे मात्र १०चा आयपीस लावा. धुरकट गोळा साखरेसारखा दाणेदार होतो.

जूनपासून दुर्बीण आत. ओलीनं काचेवर बुरशी धरते, म्हणून झाकणं लावून सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. आरशावर धूळ दिसली तरी कापडानं पुसू नका. धुळीपेक्षा ओरखडा वाईट.

पाऊस सरला की सर्वपित्रीची अवस बेभरवशाची, ढग असतातच. दिवाळीतली तर निकामी. धूर, फटाके, दिव्यांच्या माळा. खरा हंगाम कार्तिकातल्या अवसेपासून धरा. अंधार पडला की पूर्वेला कृत्तिका वर आलेल्या असतात. त्या मात्र साध्या बायनॉक्युलरमधून बघा, दुर्बिणीत सगळ्या एकदम मावत नाहीत.