पाखरू फुगून बसलंय, पहिल्या दोन तासांत काय करायचं?

नमस्कार मंडळी.

सकाळी सहाला पिंजऱ्यावरची चादर काढली की आमच्या घरात दिवस सुरू होतो, कारण झेब्रा फिंच लगेच बोलायला लागतात, रबराचं छोटं खेळणं दाबल्यावर वाजतं ना, पीप पीप, अगदी तसा आवाज. जुलैतला दिवस होता, डोंबिवलीत दोन दिवस पाऊस थांबलेला नव्हता, चादर काढली आणि सातांपैकी सहा जणं बोलली. सातवी खाली पेपरवर बसलेली, पिसं फुगवून, लोकरीचा गुंडा असतो तशी, डोळे अर्धे मिटलेले, आणि प्रत्येक श्वासाला शेपटी वर-खाली. आदल्या संध्याकाळी हीच वाटीत आंघोळ करून सगळ्यांवर पाणी उडवत होती.

फिंच पाळणाऱ्या प्रत्येकाने ही सकाळ कधी ना कधी बघितलेली असते, आणि प्रत्येकाच्या तोंडून एकच वाक्य येतं, अहो कालपर्यंत एकदम ठीक होती हो! तर आज मला तेच सांगायचंय, की ती काल ठीक नव्हती. ही पाखरं थव्यात राहणारी, थव्यात जो अशक्त दिसतो त्याला शिकारी आधी उचलतो, म्हणून आजार लपवणं त्यांच्या रक्तातच आहे, अंगातली ताकद संपेपर्यंत ती दाणे टिपल्याचं नाटक करतात, दांडीवर बसून राहतात, आणि लपवणं शक्यच होत नाही तेव्हा खाली येऊन बसतात. म्हणजे आपल्याला दिसतो तो आजाराचा पहिला दिवस नसतो, बहुतेक वेळा बऱ्याच पुढचा असतो. म्हणूनच "संध्याकाळपर्यंत बघू" हे फिंचच्या बाबतीत चालत नाही, कुत्र्या-मांजराला चालेल एखाद वेळी, इथे नाही.

कारण वजन बघा ना. झेब्रा फिंच साधारण १२ ग्रॅमची, चहाचे तीन लहान चमचे साखर घ्या, झालं तेवढं वजन. आणि अंगाचं तापमान आपल्यापेक्षा बरंच जास्त, ४१ अंशांच्या आसपास. एवढ्याशा अंगात एवढी ऊब टिकवायची तर दिवसभर खात राहावं लागतं, आजारी पाखरू खायचं थांबवतं, मग ऊब जाते, ऊब गेली की खायची ताकद उरत नाही, आणि हे चक्र काही तासांत संपतं. पिसं फुगवून बसतं ते थंडी वाजते म्हणूनच, पिसांत हवा धरून ऊब साठवायचा प्रयत्न चाललेला असतो बिचाऱ्याचा.

म्हणून आधी ऊब, औषध नंतर. मी तिला हळूच उचललं (उचलताना छातीवर अजिबात दाब द्यायचा नाही, पक्ष्यांना आपल्यासारखा छाती-पोटामधला श्वासाचा पडदा नसतो, छाती हलली तरच श्वास होतो, मुठीत घट्ट धरलं की जीव जातो), छोट्या वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलं, तीन बाजूंनी टॉवेल गुंडाळला आणि एका बाजूला बाहेरून ४० वॅटचा पिवळा तारेचा बल्ब लावला. एलईडी इथे कामाचा नाही, तो उजेड देतो, ऊब देत नाही, आणि तारेचे बल्ब आता पटकन मिळत नाहीत म्हणून मी दोन आणून कपाटात ठेवलेत. टॉवेल बल्बला टेकणार नाही हे मात्र दोनदा बघा. आत ३० अंशांच्या आसपास हवं, साधा थर्मामीटर लटकवायचा. आणि बल्ब एकाच बाजूला, म्हणजे जास्त गरम झालं तर तिला दुसऱ्या बाजूला सरकता येतं, चोच उघडी टाकून पंख अंगापासून लांब धरले तर समजायचं उकडतंय, बल्ब मागे घ्यायचा. लाइट गेली तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पिंजऱ्याच्या अर्ध्या भागाखाली, तेही चालतं.

दांडी काढून टाकायची किंवा अगदी खाली लावायची. दाणे वाटीत नाही, बरणीच्या झाकणात पसरून तिच्या समोर, पाणी उथळ झाकणात. खाली पांढरा टिश्यू पेपर, कारण आता शी बघायची आहे. चांगली शी म्हणजे गडद भाग आणि त्याला लागून पांढरा भाग. नुसतं हिरवट-पांढरं पाणी दिसलं तर पोटात काही जात नाहीये. मी मोबाइलवर दर तासाला फोटो काढले, पुढे डॉक्टरांना तेच सगळ्यात जास्त उपयोगी पडले.

आता काय करायचं नाही, इथे जरा थांबते, कारण यातच पाखरं जातात. शेजारच्या काकू प्रेमाने आल्या आणि म्हणाल्या ब्रँडीचा एक थेंब दे, आमच्याकडे देतात. नाही द्यायचा. १२ ग्रॅमच्या जिवाला एक थेंब दारू म्हणजे विषच, आणि ऊब येतच नाही त्याने. दूध नाही, पक्ष्यांना ते पचत नाही. ड्रॉपरने चोचीत पाणी ओतायचं नाही, जिभेच्या मागेच श्वासनळीचं तोंड असतं, पाणी सरळ तिकडे जातं आणि पाखरू हातात गुदमरतं. फार तर चोचीच्या कडेला एक थेंब टेकवायचा, ती स्वतः ओढून घेते.

आणि ती पिवळी पावडर. पक्ष्यांच्या दुकानात सर्रास मिळते, पाण्यात टाका सगळं बरं होतं म्हणून सांगतात. ती बऱ्याचदा टेट्रासायक्लिन असते, अँटिबायोटिक. आजार जंतूंचा नसेल, बुरशीचा असेल, किड्यांचा असेल, अंडं अडकलेलं असेल तर तिचा काही उपयोग नाही, उलट पोटातले चांगले जंतू मरून बुरशीला रान मोकळं. शिवाय आजारी पाखरू पाणीच कमी पितं, पाण्याची चव बदलली की आणखी कमी, म्हणजे ज्याला औषध पाहिजे त्याच्या पोटात ते पोचतच नाही. आणि पिंजऱ्यात समुद्रफेस (कॅल्शियमसाठी लटकवतात तो पांढरा कटलबोन) लावलेला असेल तर त्यातलं कॅल्शियम हे औषध बांधून ठेवतं. एवढं सगळं त्या पाच रुपयांच्या पुडीत असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्याची किंमत मी चार पाखरांनी मोजलीये.

ते पहिल्या वर्षीचं. एका दुकानातून नवी जोडी आणली, दुकानदार म्हणाला एकदम हेल्दी, आणि मी घरी येऊन त्याच संध्याकाळी सगळ्यांत सोडली. नराच्या शेपटीखालची पिसं चिकटलेली होती, मला दिसली होती, वाटलं प्रवासात घाण लागली असेल. आठवड्याने तो गेला, मग तीन दिवसांत आमची जुनी तीन, पावडर चालूच होती. आता नवं पाखरू आलं की ते ३० दिवस वेगळ्या खोलीत, आधी जुन्यांचं दाणा-पाणी, मग नव्याचं, मग हात साबणाने धुवायचे. मुलाला एवढे दिवस थांबवत नाही, पण थांबतो.

दुकानावरून आणखी एक, आजाराशीच संबंध आहे म्हणून सांगते. हिरवी, पिवळी, गुलाबी "कलर फिंच" म्हणून स्वस्तात विकायला असतात ना, त्यातल्या पुष्कळ आपल्या रानातल्या मुनिया असतात, जाळ्यात पकडून रंगात बुडवलेल्या. घरी आणल्या की काही दिवसांत मरतात, लोक म्हणतात अचानक काय झालं कळलंच नाही. मुनिया पकडणं, विकणं, पाळणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. झेब्रा फिंच ऑस्ट्रेलियाची, बंगाली फिंच पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेली, त्यांची गोष्ट वेगळी.

बरं, पाखरू उबेला लावलं, आता घरात कारण शोधायचं. पहिली नजर दाण्याच्या वाटीवर. फिंच दाणा सोलून खाते आणि फोलपट तिथेच टाकते, म्हणून वाटी भरलेली दिसते आणि आत सगळं फोलपट असतं. आमच्या बिल्डिंगमधलं एक कुटुंब दोन दिवस गावाला गेलं, शेजाऱ्याला किल्ली दिली होती, त्या भल्या माणसाने येऊन बघितलं, वाटी काठोकाठ, परत गेला. तिघं उपाशी मेली, भरलेल्या वाटीशेजारी. म्हणून वाटीवर फुंकर मारायची, खाली दाणा उरलाय का बघायचं, रोज सकाळी, चहा घ्यायच्या आधी.

मग दाण्यांचा वास घ्या. पावसाळ्यात बाजरी, राळे ओलसर होतात, कुबट वास आला, दाणे एकमेकांना चिकटायला लागले की बुरशी आलीच, आणि ते विष धुऊन किंवा उन्हात टाकून जात नाही, सगळं फेकायचं. मी जून ते सप्टेंबर किलोभरच आणते आणि स्टीलच्या डब्यात ठेवते.

मग हवा. पक्ष्याच्या अंगात फुप्फुसाबरोबर हवेच्या पिशव्या असतात, हवेतलं जे काही आहे ते आपल्यापेक्षा कितीतरी भरभर त्यांच्या रक्तात जातं. ब्रिटनमध्ये कोळशाच्या खाणीत विषारी वायू कळावा म्हणून कॅनरी घेऊन जायचे, जॉन स्कॉट हाल्डेन नावाच्या शास्त्रज्ञाने ती सुचवलेली, आणि १९८६ मध्ये यंत्रं आली तेव्हा कुठे ती पाखरं सुटली. कॅनरी म्हणजे फिंचच की! आपल्या घरात खाण नाही, पण रिकामा नॉनस्टिक तवा गॅसवर राहिला तर त्याच्या धुराने पलीकडच्या खोलीतली पाखरं काही मिनिटांत मरतात, माणसाला तेव्हा फारसं काही जाणवतही नाही. मच्छर कॉइल, उदबत्ती, पेस्ट कंट्रोल, रंगकाम, दिवाळीचे फटाके, सगळं तेच. पाखरं एकदम दोन-तीन पडली तर आधी खिडक्या उघडा आणि पिंजरा बाहेर न्या.

मादी असेल तर अंड्याचा विचार करायचाच. पोट फुगलेलं, पाय फाकवून खाली बसलेली, जोर लावतेय, म्हणजे अंडं अडकलंय. ऊब आणि जरा दमट हवा, पिंजऱ्याजवळ गरम पाण्याचं भांडं, आणि डॉक्टर. पोट दाबून अंडं काढायला जाऊ नका, आत फुटलं तर संपलंच. याचं मूळ कॅल्शियम कमी पडण्यात आणि सतत अंडी घालायला लावण्यात असतं. घरट्याची मटकी, म्हणजे अंडी घालायचं छोटं मडकं, लटकवलेलीच ठेवली तर मादी अंडी घालतच राहते, दोन-तीन वेळा पिल्लं झाली की त्या वर्षापुरती मटकी काढून घ्या, आणि समुद्रफेस कायम हवाच.

रात्री शांततेत पाखराच्या श्वासातून टिक टिक आवाज आला, विशेषतः गोल्डियन फिंच असेल तर, श्वासनळीतल्या बारीक किड्यांची शंका घ्यायची. औषध आहे त्यावर, पण थेंबाचा हिशेब डॉक्टरांनीच करायचा.

आणि एकाच दिवसात तीन-चार पाखरं कारण न कळता गेली तर मेलेलं पाखरू कचऱ्यात टाकू नका, उघड्या हाताने उचलू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा. २००६ मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू आपल्या नवापूरला कोंबड्यांमध्ये सापडला होता, २०२१ मध्ये परभणीत. घरातल्या पिंजऱ्यात ते असण्याची शक्यता कमी, तरी तपासायला हवं. शवविच्छेदनासाठी न्यायचं असेल तर बर्फाच्या पिशवीसोबत थंड ठेवायचं, फ्रीझरमध्ये नाही, गोठलं की आतले अवयव तपासण्यासारखे राहत नाहीत.

आमच्या तिला मी दुपारी लोकलने नेलं, चपलांच्या खोक्याला भोकं पाडून, खाली टॉवेल, बाजूला गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून. डॉक्टर मॅडमनी आधी शी घेतली, काचेवर ठेवली, मायक्रोस्कोपखाली बघितली आणि मलाही बघायला लावलं, गोल गोल पारदर्शक अंडी. कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यात वाढणारे अगदी बारीक परजीवी. त्यांनी विचारलं तळाचा पेपर किती दिवसांनी बदलता, मी म्हटलं तीन दिवसांनी, पावसात पेपर वाळतच नव्हते हो. त्या म्हणाल्या, शीतून पडलेली ही अंडी लगेच लागण करत नाहीत, ओलाव्यात एक-दोन दिवस पिकावी लागतात, पेपर रोज बदलला की ती पिकायच्या आत घराबाहेर. एवढीशी गोष्ट. त्या दिवसापासून आमच्याकडे पेपर रोज बदलतो, पाऊस असो नसो.

औषध पाच दिवसांचं, सगळ्यांनाच दिलं. ती आमच्या बेडरूममध्ये बल्बपाशी, तिचा नर हॉलमध्ये. पहिल्या दिवशी तो सारखा हाका मारत होता, ती गप्प. दुसऱ्या दिवशी तिने झाकणातले राळे टिपले, मी मोजले, अकरा. तिसऱ्या दिवशी पहाटे, चादर काढायच्याही आधी, हॉलमधून पीप आलं आणि बेडरूममधून, जरा घोगरं, पण आलं, पीप.

नमस्कार.