लोकेटर गप्प राहतो तेव्हा

खोदकाम सुरू व्हायला अजून वेळ आहे. हातात लोकेटर, म्हणजे जमिनीखालच्या केबल आणि पाइप शोधणारं यंत्र धरून एकजण रस्त्याच्या कडेने सावकाश चालतोय. यंत्राचा आवाज चढतो, उतरतो.

या यंत्राला जमिनीखालची केबल दिसत नसते. तारेतून प्रवाह वाहत असेल तर तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, यंत्र तेवढंच पकडतं. म्हणून ‘पॉवर’ मोडवर, म्हणजे फक्त केबलमधल्या विजेचंच क्षेत्र शोधताना, आवाज आला नाही की खाली काहीच नाही असं समजणं फार धोक्याचं. केबल चालू असते, पण तिच्यावर लोड नसतो. किंवा तिन्ही फेजचा प्रवाह इतका समतोल असतो की बाहेर क्षेत्र जेमतेमच उरतं. दोन्ही वेळा लोकेटर गप्प राहू शकतो.

त्यामुळे खरेदी करताना सोबत ट्रान्समीटर घ्यायलाच हवा. तो आपला स्वतःचा सिग्नल लाइनवर, म्हणजे त्या पाइप किंवा केबलवर, चढवतो. सगळ्यांत खात्रीची ती थेट जोडणी: एक वायर धातूच्या पाइपला, दुसरी लाइनपासून काटकोनात, लांब ठोकलेल्या अर्थिंगच्या सळईला. विजेच्या चालू केबलला असं कधीही जोडायचं नाही. तिथे केबलभोवती बसणारा क्लॅम्प, आणि तोही प्रशिक्षित माणसानेच लावायचा. जोडायला जागाच नसेल तर ट्रान्समीटर लाइनच्या वर, जमिनीवर ठेवतात. मग रिसीव्हर, म्हणजे हातातला लोकेटर, निदान दहा-पंधरा मीटर दूर न्यावा, नाहीतर तो हवेतून आलेला सिग्नलच मोजत बसतो.

फ्रिक्वेन्सी निवडताना घाई नको. ३३ किलोहर्ट्झ किंवा त्याहून वरचा सिग्नल लाइनवर सहज चढतो, पण शेजारच्या पाइपांवरही तितक्याच सहज पसरतो. दाटीवाटीच्या जागी ५१२ हर्ट्झ किंवा ८ किलोहर्ट्झपासूनच सुरुवात करावी.

प्लॅस्टिकच्या पाइपला यातलं काही लागू नाही. सोबत ट्रेसर वायर, म्हणजे सिग्नल वाहून नेणारी धातूची तार, पुरली असेल तर उत्तम. नसेल तर पाइपच्या आतून सिग्नल सोडणारा प्रोब सरकवायचा, किंवा जीपीआर, म्हणजे जमिनीत लहरी सोडणारा रडार, वापरायचा. जीपीआरच्या पडद्यावर पाइप कमानीसारखा उमटतो. ओल्या चिकणमातीत मात्र त्याच्या लहरी लवकर विरतात.

आता लोकेटर दाखवतो तो खोलीचा आकडा. रिसीव्हर अर्धा मीटर वर उचला. आकडाही अर्ध्या मीटरने वाढला नाही, तर जवळच्या दुसऱ्या लाइनमुळे क्षेत्र बिघडलंय. आणि आकडा बरोबर असला तरी ती खोली पाइपच्या मध्यापर्यंतची असते. ६०० मिलिमीटर व्यासाच्या पाइपचा माथा त्याहून ३०० मिलिमीटर वर असतो, म्हणून चाचणीचा खड्डा हातानेच घेतात.